पत्र्याच्या छोट्या घरात रात्री ऊब का टिकत नाही: लक्षणं, तपासण्या आणि दुरुस्तीचा क्रम

निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी या पट्ट्यात पत्र्याची छपरं टाकणं, जुनी दुरुस्त करणं, दारं-खिडक्या बसवणं हे माझं काम. मार्गशीर्ष लागला की फोन सुरू होतात आणि तक्रार दरवर्षी तीच असते. घर लहान, खोल्या दोनच, माणसं चार, तरी रात्री ऊब राहत नाही. हीटर आणला, वीजबिल फुगलं, गारठा होता तसाच. मळ्यातली घरं, कामगार वस्त्यांमधल्या खोल्या, अलीकडे शेतावर आणून ठेवलेली कंटेनरची घरं, सगळीकडे हेच ऐकतो.

बहुतेक घरांत ऊब कमी पडत नाही, ती निघून जाते. म्हणून हीटर घ्यायच्या आधी ऊब कुठून जाते ते शोधायचं. खालच्या तपासण्या मी याच क्रमाने करतो. सुरुवातीच्या फुकट आहेत, शेवटच्या खर्चिक. क्रम मोडू नका, कारण वरच्या दोन-तीन गोष्टी केल्यावर पुढचा खर्च अनेकदा लागतच नाही.

आधी लक्षणं

सकाळी उठल्यावर घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं जड आहे, मळमळतंय, गुंगी आहे, आणि रात्री खोलीत कोळशाची शेगडी, घमेल्यातला विस्तव किंवा गॅसवरची कुठलीही वस्तू चालू होती, तर हे गारठ्याचं लक्षण नाही. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर आणा, विस्तव बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे जा. बाकीचं नंतर वाचा.

आता नेहमीची लक्षणं:

- सूर्य मावळल्यावर तास-दोन तासांत घर बाहेरइतकंच गार पडतं. निरभ्र रात्री जास्त, ढगाळ रात्री कमी. संशय छपरावर.
- हीटरसमोर बसलं की चटका बसतो, पाठ मात्र गारच. बंद केला की थोड्या वेळात घर पुन्हा होतं तसं. फटी आणि छप्पर, दोन्ही.
- डोक्याजवळ ठीक वाटतं, पाय मात्र बर्फ. खालून वारा येतोय किंवा फरशी ऊब ओढतेय.
- पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. लोक म्हणतात पत्रा गळतोय. पाऊस नसताना पत्रा गळत नाही. ते आतल्या हवेतलं पाणी आहे.
- उत्तरेकडच्या भिंतीवर किंवा कपाटामागे काळी बुरशी, कपड्यांना कुबट वास.
- हीटरचा प्लग किंवा बोर्ड हाताला गरम लागतो, पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय. हीटर आत्ताच बंद करा आणि खालचा वायरिंगचा भाग आधी वाचा.

छप्पर की फटी? एका रात्रीत कळतं

द्राक्षबागायतदारांना हे सांगावं लागत नाही. ज्या रात्री आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला, त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते. ढग असले की तेवढी भीती नसते. जमीन आणि पानं आपली उष्णता वर आकाशात टाकत असतात, ढग त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. पत्र्याचंही तेच. पत्रा पातळ, उष्णता साठवायला अंगात काहीच नाही, आणि तोंड थेट आकाशाकडे. त्यामुळे निरभ्र रात्री तो बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. त्याखाली झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब त्या गार पत्र्याकडे सतत जात राहते, घरात वाऱ्याची झुळूक नसली तरी.

म्हणून पहिली चाचणी अशी. एका निरभ्र रात्री पलंगाच्या वर, पत्र्यापासून फूटभर खाली, जुनी चादर किंवा सुती साडी चारही कोपऱ्यांनी ताणून बांधा. बल्ब, हीटर आणि चुलीपासून लांब, हे बंधन पाळाच. त्या रात्री झोपताना अंगाला स्पष्ट फरक जाणवला तर तुमचा मुख्य चोर छप्पर आहे आणि पुढे पैसा तिथेच घालायचा. फार फरक नाही पडला तर फटी आणि फरशीकडे वळायचं.

शंभर-दोनशे रुपयांचं घरगुती थर्मामीटर मिळालं तर चांगलंच. अंथरुणाच्या उंचीवर ठेवा आणि रात्री नऊला, झोपताना, पहाटे पाचला आकडे लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा लिहा. याशिवाय कुठल्या कामाने खरंच फरक पडला ते कळत नाही, माणूस उगाच समाधान करून घेतो. हल्ली काही कारागीर पिस्तुलासारखं तापमापक घेऊन येतात आणि पत्र्यावर रोखून आकडा सांगतात. चकचकीत पत्र्यावर तो आकडा चुकतो. पत्र्याला आतून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर मोजायला सांगा.

१. खिडक्यांची वेळ (खर्च शून्य)

निफाडजवळ कुंदेवाडीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र आहे. पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या तिथल्या नोंदींवरूनच येतात. पण त्याच दिवशी दुपारी सावलीतला पारा बहुतेक वेळा २५ अंशांच्या आसपास असतो. आपला हिवाळा हा रात्रीचा हिवाळा आहे. बर्फाच्या देशांतल्या छोट्या घरांसाठी जे सल्ले दिले जातात, चोवीस तास हीटर, तिहेरी काचा, ते इथे तसेच उचलून उपयोग नाही. आपल्याला दुपारची ऊब फुकट मिळते, ती फक्त पहाटेपर्यंत पुरवायची असते.

आणि नेमकं इथेच उलटं होतं. सकाळी सगळे कामाला जातात, घर दिवसभर बंद, पडदे ओढलेले. संध्याकाळी घरी येऊन कोंदट वाटतं म्हणून खिडक्या उघडतात, आणि त्याच वेळी बाहेर गारठा उतरत असतो.

करायचं असं: अकरा-साडेअकराच्या सुमारास बाहेरची हवा घरापेक्षा गरम झाली की खिडक्या, दार, पडदे सगळं उघडा. चार-सव्वाचारला बंद करा. सूर्य मावळायची वाट पाहू नका. दिवसभर घरात कुणी नसेल तर निदान दक्षिणेकडचे पडदे उघडे ठेवून जा. डिसेंबरअखेर नाशिकला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे ४६-४७ अंशांवरच असतो, त्यामुळे छज्जा असला तरी ऊन त्याखालून आत शिरतं आणि फरशीपर्यंत पोचतं. ते ऊन शहाबादी फरशीवर, सिमेंटच्या कोब्यावर, विटांच्या भिंतीवर पडू द्या. दगड आणि वीट ऊब धरून ठेवतात. दिवसा तिथे सतरंजी अंथरलेली असेल तर गुंडाळून ठेवा आणि खिडक्या लावताना पुन्हा अंथरा. दक्षिणेच्या खिडकीसमोर कपाट, पाण्याचं पिंप किंवा बाहेर वाळत घातलेली ताडपत्री असेल तर हलवा.

दुपारी खिडक्या उघडण्याचं दुसरं कारण ओल. ते पुढे येतंच.

२. फटी (खर्च उदबत्तीचा, मग थोडा)

दोन चाचण्या करा. दुपारी घर बंद करून आत पूर्ण अंधार करा आणि पाच मिनिटं डोळे सरावू द्या. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून रात्री वारा येतो. मग रात्री पंखा बंद करून पेटती उदबत्ती दाराच्या कडेने, खिडकीच्या चौकटीने, स्विच बोर्डाजवळून आणि भिंत व पत्रा मिळतात त्या सगळ्या रेघेवरून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला तर तिथे खडूने खूण करा. पडद्यांपासून सांभाळून.

खुणा झाल्या की बुजवायची सुरुवात वरून करा. गरम हवा हलकी, ती वरच्या फटीतून बाहेर पडते आणि जेवढी बाहेर गेली तेवढी गार हवा दाराखालून आत ओढली जाते. लोक दाराखाली चिंधी कोंबतात आणि थांबतात. वरचं भोक तसंच राहिलं तर गार हवा दुसरी वाट शोधते.

पत्र्याच्या घरात वरची सगळ्यात मोठी फट म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पन्हळीखाली राहणाऱ्या पोकळ्या. प्रत्येक पन्हळीखाली एक, अशा भिंतभर. एकेक छोटी वाटते, पण सगळ्या मिळून एक खिडकी उघडी ठेवल्यासारखं होतं. गवंडी तिथे सिमेंटचा माल भरतो आणि पुढच्या वर्षी तो तडकलेला असतो. त्यात गवंड्याची चूक नाही. बारा फुटी लोखंडी पत्रा दुपारी तापून आणि पहाटे गारठून दोन-अडीच मिलिमीटर लांब-आखूड होतो, रोज. कडक सिमेंट त्याच्यासोबत सरकू शकत नाही. तिथे पन्हळीच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या बसवा, पत्र्याच्या दुकानात मिळतात. नाही मिळाल्या तर डब्यातला पीयू फोम (फवारला की फुगून घट्ट होणारा फेस) भरा. तो फुगतो, म्हणून पोकळी अर्धीच भरायची, आणि उघड्यावर ऊन लागलं की तो भुगा होतो, म्हणून बाहेरून रंग किंवा टेप लावायची. फोम जळतो, त्यामुळे चुलीच्या किंवा गॅसच्या वर तो वापरू नका. तिथे पत्र्याची पट्टी वाकवून स्क्रूने बसवलेली बरी. आढ्यावर दोन्ही बाजूंचे पत्रे मिळतात तिथल्या झाकणपत्र्याखालीही अशीच पोकळी असते, तीही बघा.

मग दार. तीन फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे १८ चौरस इंच, चार इंच बाय साडेचार इंचाचं भोक. जुन्या घरांत उंबरठा असायचा, तो वारा अडवायचा. आता फरशी सपाट ठेवतात. दाराला खालून रबराची किंवा ब्रशची पट्टी स्क्रूने लावा. चिकटवलेली पट्टी एका हंगामात सुटते. स्लायडिंग खिडक्यांमध्ये दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथल्या लोकरी पट्ट्या झिजतात, त्या बदलता येतात, स्वस्त आहेत. पण चौकटीतली पाणी निघायची छोटी भोकं बुजवू नका, पावसाळ्यात पाणी आत येईल.

खिडकीला पडदा हवा तो जाड आणि काठाला टेकलेला. घरातली जुनी गोधडी दांडीवर टाकली तर बाजारातल्या कुठल्याही पडद्याइतकं काम करते. वरची आणि खालची बाजू मोकळी राहिली तर मात्र काचेजवळची गार हवा खालून खोलीत ओतत राहते.

काय बुजवायचं नाही

स्वयंपाकघरातला झरोका आणि गॅसजवळची खालची जाळी बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो फरशीजवळ साचतो आणि खालूनच बाहेर जातो. न्हाणीत गॅस गिझर असेल तर तिथला झरोका कायम उघडा, कितीही बोचरा वारा येवो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फटी बुजवलेल्या घरात शेगडी, कोळसा, लाकडाचा विस्तव, पेटता गॅस यातलं काहीही ऊब मिळावी म्हणून ठेवायचं नाही. विझत आलेले निखारे तर सगळ्यात फसवे, धूर दिसत नाही पण कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस उठत नाही. जुन्या फटक्या घरात आजी शेगडी ठेवायची आणि काही व्हायचं नाही, हे खरं असेल, पण त्या घरात वारा खेळत होता. तुम्ही तो आत्ताच बंद केलाय. लहान खोलीत हवा कमी, म्हणून धोका मोठ्या घरापेक्षा लवकर येतो. शेकायचं असेल तर शेकोटी अंगणात.

३. फरशी आणि अंथरूण

जमिनीवर झोपणाऱ्यांनी आधी अंथरुणाखाली लक्ष द्या. वर तीन रग आणि खाली एक चटई, असं असेल तर ऊब खालूनच जाते. गादी दाबली गेली की तिच्यातली हवा जाते आणि हवा हीच खरी ऊब अडवणारी वस्तू. खाली आधी फोमची मॅट किंवा जाड पुठ्ठा, त्यावर सतरंजी, त्यावर गादी. खाट असेल तर खाटेखालून वारा फिरतो, तिथे गादीखाली घोंगडी टाका. पलंग उत्तरेच्या भिंतीपासून वीतभर सरकवा.

झोपायच्या जागेची ऊब वाढवणं हे पूर्ण खोली तापवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. इलेक्ट्रिक ब्लँकेट १०० वॅटच्या आसपास वीज घेतं, हीटर २००० वॅट. ब्लँकेट दुमडून वापरायचं नाही, तान्ह्या मुलाखाली घालायचं नाही, वायर उघडी पडली की टाकून द्यायचं. रबराची गरम पाण्याची पिशवीही चांगली, फक्त उकळतं पाणी भरू नका.

४. पत्र्याला सुटलेला घाम

पहाटेचे थेंब हे गळतीपेक्षा वेगळे ओळखता येतात. गळती एका खिळ्यापाशी किंवा जोडापाशी होते. घाम सगळ्या पत्र्यावर पसरलेला असतो, उतारावरून ओघळून वाशापाशी ठिबकतो आणि ऊन चढलं की थांबतो. यासाठी छपरावर चढून डांबर लावणाऱ्याला पैसे देऊ नका.

पाणी येतं कुठून? चार माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घामातून लिटरभर तरी पाणी हवेत जातं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्त वाफ तयार होते. त्यावर भाताची वाफ, अंघोळीची वाफ, खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे. लहान घरात हवा थोडी, त्यामुळे ती लवकर ओलावते, आणि गार पत्रा दिसला की पाणी तिथे जमतं.

म्हणून कपडे बाहेर वाळवा. रात्रीचा स्वयंपाक करताना खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा आणि नंतरही दहा मिनिटं चालू द्या. त्यात थोडी ऊब जाते, पण ओली हवा राहिली तर पहाटे तीच अंगावर पडणार. भांड्यावर झाकण ठेवा. न्हाणीचं दार लावून अंघोळ. दुपारी खिडक्या उघडल्या की कोरडी हवा आत येते आणि भिंतीतली ओलही घेऊन जाते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे हवा फिरू द्या. बुरशी पुसून काढून महिनाभर पाहा.

भिंतीची ओल जमिनीपासून वर चढत असेल, फूट-दोन फुटांपर्यंत रंग फुगत असेल, पांढरा क्षार दिसत असेल, तर ती वाफेची ओल नाही. ती घराच्या पायातून, म्हणजे जमिनीतून येते. त्यावर रंग मारून काही होत नाही, गवंड्याला दाखवा. ओली वीट कोरड्या विटेपेक्षा जास्त ऊब वाहून नेते, म्हणून ते कामही गारठ्याच्या यादीतच धरा.

५. छप्पर (खरा खर्च इथे)

वरचं सगळं केलं, चादरीची चाचणी छपराकडे बोट दाखवते, तर मग इथे खर्च करा, बिनधास्त करा.

दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर छप्पर. आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल तर उघड्या पत्र्यातून ६००-७०० वॅट ऊब सतत जाते. त्याच पत्र्याखाली इंचभर जाडीचा अडथळा, म्हणजे फोम किंवा थर्माकोलसारखा ऊब अडवणारा थर, नीट बसवला तर हाच आकडा सव्वाशे-दीडशे वॅटवर येतो. आणि शांत झोपलेला माणूस स्वतःच सुमारे ७० वॅट ऊब देत असतो. चार माणसं म्हणजे पावणेतीनशेच्या पुढे. छपरातून होणारी गळती एवढी खाली आली की घरातल्या माणसांची ऊबच बराचसा गारठा थोपवते. हा हिशोब मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. दुसरी गोष्ट, हेच काम एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्याची झळही अडवतं. एका खर्चात दोन ऋतू निभावतात.

पर्याय तीन-चार आहेत. चांदीसारख्या बबल शीटचा रोल सगळ्यात स्वस्त. तो थेट पत्र्याला चिकटवला तर त्याचं निम्मं काम वाया जातं. चकचकीत बाजूसमोर इंचभर हवेची पोकळी हवीच, कारण ती बाजू उष्णतेची किरणं परतवते आणि त्यासाठी समोर मोकळी जागा लागते. नुसत्या बबल शीटने चादरीपेक्षा चांगला, पण जाड अडथळ्याइतका नाही, असा परिणाम मिळतो.

त्याहून बरं म्हणजे फोमची शीट किंवा थर्माकोलचे तक्ते आणि खाली सीलिंग. थर्माकोल स्वस्त आहे, काम उत्तम करतो, पण पेटतो आणि पेटला की वितळून खाली गळतो. उघडा थर्माकोल घरात ठेवू नका. त्याखाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाचं आच्छादन हवं. स्वयंपाकघराच्या भागात थर्माकोल टाकायचाच नाही, तिथे रॉकवूल (दगडापासून केलेली, न पेटणारी लोकर) घ्या. पीव्हीसीच्या सीलिंगने घर छान दिसतं, पण तेवढ्याने ऊब टिकते असं समजू नका, त्याच्या वर अडथळा घातला तरच.

कुठलाही पर्याय घेतलात तरी सांधे टेपने बंद करा आणि कडेला भिंतीपर्यंत नीट भिडवा. हे काम झालं की नाही ते उभं राहून बघा, कारण कारागीर इथेच घाई करतात. सांधे उघडे राहिले तर घरातली ओली हवा वर जाते, गार पत्र्याला लागते, घाम सुटतो आणि आता तो तुम्हाला दिसत नाही. सीलिंगवर पिवळे डाग उमटतात तेव्हा कळतं. तोवर पत्रा आतून गंजलेला असतो.

नवीनच छप्पर टाकायचं असेल तर साध्या पत्र्याऐवजी पफ पॅनेल (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला तक्ता) घ्या. ५० मिलिमीटरचं पॅनेल असलं की सगळं वेगळं काम वाचतं.

उसाचं पाचट किंवा कडबा पत्र्यावर टाकणारे बरेच आहेत. ऊब टिकते, खरं आहे. पण उंदीर येतात, ओलं पाचट पत्र्याला गंज आणतं आणि एका ठिणगीत सगळं पेटतं. मी कुणाला हे सुचवत नाही.

सिमेंटचा पत्रा असेल तर थांबा. जुन्या राखाडी सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो. त्याला भोक पाडणं, कापणं, घासणं, तोडणं स्वतः करू नका. धुळीतले तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्याचे आजार अनेक वर्षांनी दिसतात. शिवाय तो पत्रा ठिसूळ, वर चढलेला माणूस आरपार खाली येतो. अशा घरात सीलिंगची चौकट पत्र्याला न लावता भिंतींना आणि लोखंडी पाइपांना बांधायची. तुटका पत्रा काढायचा असेल तर ज्यांना ते काम माहीत आहे, जे ओलं करून, तोंडाला योग्य मास्क लावून काढतात, त्यांनाच बोलवा.

६. हीटर आणि वायरिंग (सगळ्यात शेवटी)

एवढं सगळं केल्यावरही कडाक्याचे दहा-पंधरा दिवस हीटर लागू शकतो. घरात म्हातारी माणसं, बाळंतीण, लहान मूल असेल तर लावाच, तिथे काटकसर नको.

पण दुकानदाराच्या बोलण्याला भुलू नका. तेलाचा असो, पंख्याचा असो की लाल होणाऱ्या कांड्यांचा, पूर्ण जोरावर २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट घेतो आणि तेवढीच ऊब देतो. तेलाचा हळू तापतो, हळू निवतो, रात्री झोपताना त्यातल्या त्यात सुरक्षित. कांड्यांचा समोर बसलेल्याला लगेच ऊब देतो, पण पांघरुणाजवळ तो कधीही नाही. यांच्यापेक्षा खरोखर कमी विजेत काम करणारी वस्तू म्हणजे गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. घरात आधीच एसी असेल तर रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का बघा. नुसत्या हीटिंगसाठी नवा घेणं दोन खोल्यांच्या घराला सहसा परवडत नाही.

बिलाचा हिशोब असा. २००० वॅटचा हीटर रोज ३ तास म्हणजे ६ युनिट, महिन्याला १८०. ज्या घराचा वापर ९० युनिट होता तो २७० होतो. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे टप्पा बदलतो, पुढचं प्रत्येक युनिट महाग. म्हणून वापर तिप्पट आणि बिल त्याहूनही जास्त. मीटर बिघडल्याची तक्रार द्यायच्या आधी हा गुणाकार करून पाहा.

वायरिंग. साधा छोटा प्लग ६ अँपिअरचा, २३० व्होल्टला त्यावर १३८० वॅटच्या वर जोडणी नको. २००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर घेतो, त्याला मोठा १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याला साजेशी जाड वायर हवी. एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर नाही, कितीही चांगला बोर्ड असो. गिझर आणि हीटर एकत्र चालू झाले की १७ अँपिअरच्या वर जातं, जुन्या जोडणीच्या घरात तेवढी ताकद नसते. प्लग गरम लागणं, जळका वास, लाइट मंदावणं, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडणं, यातलं एकही दिसलं की तुमचं काम संपलं. मोठ्या आकड्याचा एमसीबी टाकून प्रश्न सुटत नाही, आता वायर तापून पेटेल. परवानाधारक वायरमन बोलवा. त्याला अर्थिंग तपासायला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला सांगा. पत्र्याच्या आणि कंटेनरच्या घराला हे जास्त लागू, कारण वायर कुठे घासली तर सगळं घरच लोखंडाचं आहे.

कंटेनरचं घर असेल तर

तपासण्या याच, फक्त दोन फरक. तिथे भिंतीही पत्र्याच्या, म्हणून छपराइतकंच लक्ष भिंतींना द्या. आणि आतल्या प्लायमागे लोखंडी चौकटीच्या पट्ट्या असतात, त्या ऊब थेट बाहेर नेतात. पहाटे भिंतीवर हात फिरवा, ठराविक अंतरावर उभ्या गार रेघा लागल्या तर त्याच त्या पट्ट्या. आतून सलग एक थर घालावा लागतो, तुकड्या-तुकड्यांत घातलेला चालत नाही. प्लाय कुठे मऊ लागला किंवा कुबट वास आला तर आत पाणी साचतंय. तिथे स्वतः थर वाढवू नका, आधी बनवणाऱ्याकडून ते पॅनेल उघडून घ्या.

कोणाला, कशासाठी बोलवायचं

छपरावर चढायची वेळ आली, कैची (छपराचा लोखंडी तिकोनी सांगाडा) किंवा पाइप गंजून पातळ झालेत, सीलिंगचं वजन जुना सांगाडा पेलेल का अशी शंका आहे, तर फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी सांगाड्याचं काम करणारा. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात ते ढिल्या हुकांमुळे, तो आला की तेही तपासून घ्या. गॅसचा वास आला तर स्विचला हात न लावता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच गॅस एजन्सीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा.

सीलिंगचं काम दिवाळीच्या आधी किंवा थेट फेब्रुवारीनंतर काढा. डिसेंबरात सगळे एकदम मागे लागतात, दर चढतात आणि सांधे टेपने बंद करायला कुणाकडे वेळ नसतो. दर ठरवताना चौरस फुटाच्या भावात टेप आणि कडेची पट्टी धरली आहे का, ते लिहून घ्या.